बिनशब्दांचं कॉमिक लोकांना कळेल का, आणि चार-पाच महिने गेले हे दाखवायचं कसं?

धारूर तालुक्यातल्या एका शाळेवरच्या ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं की वर्गातल्या बऱ्याच पोरांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, पोरं गावात आजीपाशी राहतात, यावर 16 पानांचं एकही शब्द नसलेलं छोटं कॉमिक काढायचंय, म्हणजे ज्या आज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ते वाचता येईल. तर लोकांना कळेल का, एवढे महिने गेले हे कसं दाखवायचं, एसटीच्या पाटीवरची अक्षरं चालतात का, आणि हे सगळं झेरॉक्सवर निघेल का. मी संभाजीनगरात बरीच वर्षं अशी छोटी पुस्तकं स्वतः काढून स्वतः छापते, शाळांमधून पोरांसोबत पण करते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. ताई, विषय लई चांगला निवडलाय तुम्ही.

पहिल्यांदा आज्यांचं बोलू. चित्र सगळ्यांना कळतं आणि अक्षर तेवढं शिकावं लागतं असं आपण धरून चालतो, पण ते अर्धंच खरंय. एक सुटं चित्र बहुतेकांना कळतं. चित्रांची रांग वाचणं मात्र शिकावं लागतं. डावीकडून उजवीकडं जायचं, मग खालच्या ओळीत यायचं, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काहीतरी घडून गेलं असं समजायचं, आणि पहिल्या चौकटीतली पोरगी न दुसऱ्या चौकटीतली पोरगी एकच आहे हे ओळखायचं, हे सगळं आपण पेपरातल्या कॉमिक स्ट्रिप बघून बघून कधीतरी लहानपणी शिकलेलो असतो आणि शिकलो हे विसरून गेलेलो असतो. कॉमिकचा आणि भाषेचा अभ्यास करणारे नील कोन म्हणून संशोधक आहेत, त्यांनी हे बरंच तपासून मांडलंय, की ज्यांनी चित्रमालिका कधी पाहिल्याच नाहीत ते प्रत्येक चौकट वेगळं चित्र म्हणून बघतात आणि तेच पात्र परत आलं तर त्याला वेगळा माणूस समजतात. मी हे गावात बसून पाहिलंय. आजी एकेका चित्रावर बोट ठेवून म्हणते, ही कोणाची लेक, आणि मग ही दुसरी कोणाची. आजीचं काही चुकत नाही त्यात, तिच्यापुढं जे ठेवलंय ते ती नीट बघायली. तेव्हा शब्द काढले म्हणजे आपोआप सगळ्यांसाठी झालं असं होत नाही, ते चित्रात कमवावं लागतं. तुम्ही पहिलीला चित्रवाचन घेता ना, तेव्हा पोरं आधी नुसती नावं सांगतात, झाड, गाय, बाई, आणि मग हळूहळू "बाई गायीला पाणी पाजायली" इथवर येतात, हा सगळा प्रवास तुम्ही रोज वर्गात बघता, कॉमिक काढणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा तुम्हाला हे जास्त माहितीय.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मराठवाड्यात कोणी बिनशब्दांचं काही काढलं की लगेच कोणीतरी म्हणतं, ही तर आपली परंपराच आहे, अजिंठा बघा, वेरूळ बघा, पैठणची चित्रं बघा. बघाच, मी तर म्हणते परत परत जाऊन बघा, पण त्यात एक फरक आहे तो धरून ठेवा. पैठण शैलीची जी चित्रकथीची चित्रं आहेत, जाड रेघ, एका बाजूनं काढलेले चेहरे, मोठाले डोळे, ती समोर धरून सांगणारा माणूस गोष्ट सांगायचा, गायचा. गोष्ट त्याच्या तोंडात होती. वेरूळच्या कैलासात मंडपाच्या एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत असं पट्ट्यापट्ट्यात कोरलंय, आणि ते बघणाऱ्याला रामायण आधीच पाठ होतं, त्याला फक्त ओळखायचं होतं की हा वाली, हा सेतू. म्हणजे एकीकडं सांगणारा शेजारी उभा, दुसरीकडं गोष्ट आधीच माहीत. तुमच्या पुस्तकात दोन्ही नाहीत. तुमच्या पोरीची गोष्ट कोणाला माहीत नाही आणि पुस्तक ज्याच्या हातात जाईल त्याच्या शेजारी तुम्ही नसणार. शब्द गेले, सांगणारा गेला, ओळखीची कथा गेली, मग हे कोण आहे, आधी काय न नंतर काय, आणि मधे किती वेळ गेला, हे तिन्ही ओझं चित्रावर येतं. बिनशब्दांच्या कॉमिकची सगळी कारागिरी म्हणजे हे ओझं उचलणं.

कोण आहे हे सोपंय. पोरीला एक पक्की खूण द्या जी लांबून, छोट्या चित्रात, पाठमोरी असली तरी दिसते. दोन रिबिनी, किंवा मापापेक्षा मोठा असलेला भावाचा शर्ट. चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका, चेहरा झेरॉक्समधे आधी मरतो. ती खूण गावातल्या दुसऱ्या कुठल्याही पोरीला देऊ नका, आणि कपडे बदलायचे असतील तर बदलताना दाखवा. क्रमाचं पण सोपंय, पहिल्या पुस्तकाला पानाची रचना साधी ठेवा, एका पानावर एक चित्र नाहीतर फार तर एकाखाली एक दोन. तिरप्या चौकटी, एकात एक घुसलेल्या चौकटी, हे सगळं मोह पाडतं पण ज्या आजीसाठी तुम्ही काढायलात तिला ते नको.

वेळेचं अवघड आहे आणि तिथंच मजा पण आहे. "चार महिने गेले" हे शब्दात लिहायला तीन शब्द लागतात. चित्रात सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. नका करू. एक तर ते आकडेच झाले, म्हणजे अक्षर मागच्या दारानं आलं, आणि दुसरं म्हणजे कॅलेंडर बघून वाचकाला कळतं की वेळ गेला पण तो गेल्यासारखा वाटत नाही.

तुमच्याकडं याच्यापेक्षा लई भारी गोष्ट दारातच आहे, ज्वारी. विचार करा, तुमच्या भागात रब्बीची ज्वारी पेरतात ती सप्टेंबरच्या अखेरीस-ऑक्टोबरात, हुरडा येतो डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चमधे. आणि तोडीची माणसं गावातून जातात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे आई नसण्याचा काळ आणि ज्वारीचा काळ जवळपास एकच आहे! तर एक चित्र पक्कं करा, घराचं अंगण, उंबरा, त्यावर बसलेली पोरगी, मागं बांधापलीकडं रान. जागा हलवायची नाही, कोन हलवायचा नाही, उंबरा पानावर तिथल्या तिथंच. पहिल्यांदा ट्रॅक्टर जातो तेव्हा रान नुकतं पेरलेलं, काळं. नंतरच्या पानावर बोटभर हिरवं. मग गुडघ्याएवढं. मग पोरीच्या डोक्याच्या वर गेलेलं, की आता रस्ताच दिसत नाही जिथून आई गेली होती. हे बघा काय झालं, पिकानं नुसता महिना सांगितला नाही, त्यानं रस्ता झाकला. मग कणसं, पाखरं, गोफण घेतलेली आजी. मग काढणी, आणि रान मोकळं झालं की रस्ता परत दिसायला लागतो, आणि कडब्याची गंजी. रस्ता दिसला की वाचकाला आपोआप वाटतं आता कोणीतरी येणार, तुम्ही काहीच सांगितलेलं नसताना. मराठवाड्यातला माणूस हुरड्याचं कणीस बघून महिना सांगेल, पुण्या-मुंबईचा माणूस महिना सांगू शकणार नाही पण रान वाढलं न कापलं गेलं एवढं त्याला कळेलच, दोघांचं काम भागलं.

याच्यात अट एकच, बाकी सगळं स्थिर पाहिजे. चौकट तीच, घर तेच, आणि बदल मोजकेच. जर पिकासोबत तुम्ही घराचा कोनही बदलला, प्रकाशही बदलला, गाय पण इकडची तिकडं केली तर बघणाऱ्याला कळत नाही की यातलं नेमकं काय बघायचंय. अजून एक छोटा बदल हवा असेल तर गोवऱ्यांची उतरंड घ्या, भिंतीला लागून रचलेली आणि थंडी सरेल तशी कमी होत गेलेली. पण ज्वारी आणि गोवऱ्या एवढंच, तिसरं नको.

अजिंठ्याला जाल तेव्हा याच दृष्टीनं सतरा नंबरचं लेणं बघा, विश्वंतर जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्मातल्या राजपुत्राच्या गोष्टीचं, मोठं चित्र आहे. तिथं चौकटी नाहीत. राजवाडा, वेशीचा दरवाजा, बाजार, रान अशा जागा आहेत आणि तोच राजपुत्र प्रत्येक जागी परत दिसतो, आत बायकोजवळ बसलेला, मग बाहेर निघालेला, मग रथात बाजारातून जाणारा. दोन प्रसंगांच्या मधे आपण रेघ मारतो तिथं त्यांनी दार ठेवलंय, खांब ठेवलाय, झाड नाहीतर खडक ठेवलाय. तुमच्या मधल्या जोड-पानावर हे वापरून बघा. गावाची वेस, रस्ता, पाचटाची कोपी म्हणजे तोडीवाल्यांची झोपडी, उसाचा फड, सगळं एकाच लांब चित्रात, आणि आई-बाप त्यात चार ठिकाणी. एरवी साधी रचना असलेल्या पुस्तकात एकदाच असं पान उघडलं की ते अंगावर येतं. आज्यांना हे जड जाईल असं वाटू शकतं पण माझा अनुभव उलटा आहे, जागा ओळखीची असली की त्यांना चौकटींपेक्षा हे सोपं जातं, कारण त्या बोटानं रस्ता धरून चालतात, आणि वाटेत जो भेटेल तो तोच माणूस.

पानं उलटण्याचं गणित पण बसवा. पुस्तकात विषम पान उजवीकडं येतं आणि सम पान डावीकडं. वाचक 3 वरून 4 वर जाताना पान उलटतो, म्हणजे जे अचानक दिसायला पाहिजे ते 4, 6, 10, 14 अशा सम पानावर. 5 वर ठेवलं तर ते 4 बघता बघताच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून जातं. ट्रॅक्टर निघाला हे 3 वर आणि रिकामं अंगण 4 वर. मधे पान उलटायला लागणारा जो क्षण आहे ना तो वाचकाच्या हातातला आहे, तो तुमच्यासाठी काम करतो. आणि वेग कमी-जास्त करायला चौकटींचा आकार वापरा, छोट्या चौकटी ओळीनं आल्या की घाई वाटते, मोठ्या चित्रात बघायला भरपूर ठेवलं की माणूस थांबतो. शब्द नसलेलं पुस्तक लोक दोन मिनिटात संपवतात ही सगळ्यांची तक्रार असते, त्याला उपाय हाच की चित्रात दुसऱ्यांदा बघितल्यावर सापडेल असं काहीतरी ठेवा.

आता बोलण्याचं. नवीन माणूस हमखास असं करतो की आधी संवादांसकट गोष्ट लिहितो आणि मग संवाद खोडतो. मग पानोपानी तोंड उघडून हात हलवणारी माणसं दिसतात आणि वाचकाला वाटतं आपल्याला ऐकू येईना. प्रसंगच असे निवडा जिथं माणसं एरवीही बोलत नसती. तुमच्या विषयात तसे प्रसंग मुबलक आहेत. उचलीचंच घ्या, म्हणजे तोडीला जायच्या आधी मिळणारे आगाऊ पैसे. टोळी जमवणारा मुकादम काय बोलला, किती ठरले, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे सगळं समजावायची गरज नाही. चार चौकटी, चारही फक्त हातांच्या. पहिलीत नोटा मोजणारे हात, मनगटावर घड्याळ. दुसरीत घेणारे हात, नखात माती, आणि कागदावर अंगठा. तिसरीत तेच मातीचे हात दुकानदाराला नाहीतर सावकाराला नोटा देताना. चौथीत कोयत्याला धार लावताना. आत्ता पैसे आले आणि गेले, आणि सहा महिने बांधून घेतले, एवढं सगळं आलं की नाही, आणि यात कोणाला बोलायची गरज पडली नाही. तसंच पहाटे ट्रॅक्टर भरणं, फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणं, बैलापुढं वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे टाकणं, हे सगळं गप्प राहूनच होतं.

फोन हा मोठा प्रश्न येणार तुम्हाला, कारण पोरगी आईशी बोलणार तर फोनवरच. यावर लोक काय करतात, तोंडातून फुगा काढतात आणि फुग्यात चित्र, म्हणजे फुग्यात भाकरी, फुग्यात शाळा. एखाद्या वेळी चालतं, पण दोन-तीनदा केलं की ते कोडं होऊन बसतं, वाचक बघायचं सोडून सोडवायला लागतो. त्यापेक्षा फोन लागत नाही हे दाखवा ना, पोरगी पत्र्यावर चढून, मग चिंचेच्या झाडावर चढून रेंज शोधायली. किंवा फोन आजीच्या हातात आहे आणि पोरगी आजीच्या तोंडाकडं बघायली, आणि आजीचा चेहरा आपल्याला दाखवायचाच नाही, पोरीचा दाखवायचा. नजर कुठं वळलीय ही या प्रकारात सगळ्यात मोठी ताकद आहे, पात्र जिकडं बघतं तिकडं वाचक बघतो, त्यामुळं प्रत्येक चित्रात आधी नजरा ठरवा आणि मग बाकीचं काढा. गालावरून ओघळणारे टपोरे अश्रू मी स्वतः वापरत नाही, आणि तुम्हीही नका वापरू असं मला मनापासून वाटतं. ते काढलं की वाचकाला जे आपणहून वाटायला पाहिजे होतं ते तुम्हीच आधी सांगून टाकलं.

पाटीवरच्या अक्षरांचा प्रश्न बऱ्याच जणांना छळतो. काही लोक इतके कडक असतात की एसटीची पाटी पण कोरी ठेवतात, आणि मग ती बस खोटी दिसते. जगात अक्षरं आहेत तर चित्रात असू देत, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, खताच्या पोत्यावरचं नाव, एसटीवर "धारूर". परीक्षा एकच, ते अक्षर बोटानं झाकलं तर गोष्ट अडते का. अडत नसेल तर राहू द्या, अडत असेल तर चित्र अजून झालेलं नाही. अजिंठ्यातच दुसऱ्या लेण्यात चित्राजवळ आर्यशूर या संस्कृत कवीच्या जातकमालेतले श्लोक रंगवलेत, तेव्हा शुद्धतेचा फार ताण घेऊ नका. तुमच्या पुस्तकात तर एक उलटा उपयोग पण होऊ शकतो, आईबाप कर्नाटकात कारखान्यावर गेले असतील तर तिथल्या पाट्या कानडी काढा. आईला ती अक्षरं वाचता येत नाहीत, वाचकालाही येत नाहीत, दोघं एका पातळीवर आले.

हीच युक्ती शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकारानं 'द अरायव्हल' या 2006 च्या पुस्तकात पूर्ण ताणलीय. परदेशात कामाला गेलेल्या माणसाची बिनशब्दांची गोष्ट आहे, आणि नव्या देशातली लिपी, प्राणी, खाणं सगळं त्यानं मनानं बनवलंय, म्हणजे तो माणूस जेवढा गोंधळलाय तेवढेच आपण गोंधळतो. घर सोडून कामाला जाणाऱ्यांवर काढायचं असेल तर हे एक पुस्तक कुठूनही मिळवून बघा. जुन्यातले बघायचे तर बेल्जियमचा फ्रान्स मासरील. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून त्यानं लाकडी ठशांवर अख्ख्या गोष्टी केल्या, 1925 चं 'द सिटी' म्हणून शंभर चित्रांचं पुस्तक आहे. एका पानावर एक चित्र, नुसतं काळं न पांढरं. त्याचंच काम जर्मनीत शिकताना बघून अमेरिकेच्या लिंड वॉर्डनं 1929 मधे 'गॉड्स मॅन' काढलं, ते बाहेर पडलं आणि त्याच सुमाराला तिकडचा शेअरबाजार कोसळला. वॉर्डनं पुढं मंदीच्या काळात अशी अजून पाच पुस्तकं केली. मासरील न वॉर्ड यांच्याकडून घ्यायचं ते असं की दोन चित्रांमधे किती मोठी उडी मारली तरी माणूस मागं येतो, फक्त उडीच्या दोन्ही टोकांना धरायला काहीतरी सारखं पाहिजे. आपल्याकडं अप्पुपेन या नावानं काम करणाऱ्या चित्रकाराचं 'लेजंड्स ऑफ हलाहला' हे 2013 चं शब्द नसलेलं पुस्तक आहे. आणि मराठी डोळ्याला ही सवय नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना शि. द. फडणीस दाखवा, मोहिनी मासिकाच्या मुखपृष्ठावर शेजारी शेजारी उभे असलेले दोघं, त्याच्या कपड्यावर मांजरं न तिच्या कपड्यावर उंदीर, खाली ओळ नाही काही नाही, आणि घराघरात लोक हसले. एकाच चित्रात आधी काय झालं असेल न पुढं काय होईल हे दोन्ही.

काढायला बसायच्या आधी डमी करा, आणि हे टाळू नका कितीही घाई असली तरी. साधे चार ए-फोर कागद एकात एक घालून मधून दुमडा, 16 पानं झाली, पेन्सिलनं काडीची माणसं काढा, एका संध्याकाळी होतं. ती डमी घेऊन एखाद्या आजीकडं जा, एखाद्या चौथीच्या पोराकडं जा, आणि तालुक्याच्या कोणा दुकानदाराकडं पण, ज्याला तोडीशी काही घेणंदेणं नाही. पुस्तक हातात द्या आणि म्हणा, मला गोष्ट सांगा. मग तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. बोट कुठं थांबतंय, कुठं पान मागं उलटतंय, कुठं "ही कोण" येतंय ते बघत राहा, त्यांनी चुकीची गोष्ट सांगितली तर ती शेवटपर्यंत सांगू द्या. शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं, कारण चुकलं की दुरुस्त करायची सवय असते, पण तुम्ही एकदा समजावलं की त्या वाचकाचा उपयोग संपला, त्याला आता कळणारच. तिघं एकाच ठिकाणी अडखळले तर चित्र बदला. एकटाच अडखळला तर थोडं थांबून विचार करा, कारण सगळं इतकं सोपं केलं की कोणालाच काही शोधावं लागू नये, तर पुस्तकात परत जावंसं वाटत नाही. आणि तिघांनी तीन वेगळे शेवट सांगितले तर घाबरू नका, शेवटाबद्दल मतं वेगळी असू शकतात. आई कोणती हे मात्र तिघांनाही सारखंच कळलं पाहिजे.

छपाई झेरॉक्सवर मस्त होते, फक्त चित्र काढतानाच झेरॉक्सचा विचार करा. मोठा सपाट काळा भाग मशीनवर सारखा येत नाही, पट्टे पडतात, तेव्हा रात्र दाखवायची तर जवळजवळ रेघा मारून काळोख करा. पेन्सिलची फिकी छटा उडून जाते. काळ्या पेननं काढा, पुस्तकाच्या आकारापेक्षा थोडं मोठं काढा, म्हणजे छोटं करताना रेघ घट्ट होते. स्कॅन करणार असाल तर रेघेच्या कामाला 600 डीपीआय. कडेला बोटभर कोरी जागा सोडा कारण मशीन कडेपर्यंत छापत नाही. कागद नेहमीचा 70 जीएसएमचा घेतला तर मागच्या पानाचं काळं पुढं दिसतं, आणि जिथं फक्त चित्रच बोलणार तिथं ते फार त्रास देतं, 100 जीएसएम मॅपलिथो मागा. पानं कशी लावायची याची एक सोपी खूण आहे, एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम एकूण पानं अधिक एक. 16 पानांना 17. म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कागदावर 16 न 1, त्याच्या मागं 2 न 15, पुढच्यावर 14 न 3, असं करत अगदी आत 8 न 9. तेवढी 8-9 ची जोडी एकाच कागदावर सलग येते, म्हणून तो फडाचा लांब देखावा तिथंच ठेवा, बाकी कुठं ठेवला तर मधे जुळणार नाही. दुकानदाराला दोन्ही बाजू छापताना आखूड कडेनं पलटायला सांगा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. मधोमध लांब हाताच्या स्टेपलरनं दोन पिना, आणि मग पुढची कड कटरवर एकदा सरळ करून घ्या कारण आतली पानं थोडी बाहेर येतात. शंभर-दोनशे प्रतींना हे पुरतं, त्यापुढं गेलात तर ऑफसेटवाल्याला विचारा, प्लेटचा खर्च एकदाच असतो त्यामुळं प्रती वाढल्या की एकेक प्रत स्वस्त पडते.

पोरांचं म्हणाल तर कुठल्याही खऱ्या पोरीचं हुबेहूब घर न चेहरा काढू नका, दोन-तीन घरं मिसळून एक करा, गाव लहान असतं आणि उचल किती, कर्ज किती हे चारचौघात यावं असं कोणाला वाटत नाही. डमी आईबापांनाही दाखवा, कोयता कसा धरतात, मोळी कशी बांधतात हे ते लगेच सांगतील, आणि ते बरोबर असणं फार महत्त्वाचंय, ज्यांची गोष्ट आहे त्यांनी पहिल्याच पानावर "असं नसतं" म्हणलं तर पुढचं ते बघणार नाहीत.

आणि तारीख मागून आणा. टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात, म्हणून पुस्तक त्याच्या आधी छापून हातात पाहिजे, नाहीतर ज्यांच्यासाठी काढलं ते गावात नसतील. म्हणजे पावसाळ्यात डमी, पोळ्यापर्यंत पक्की चित्रं, गणपतीत छपाई. प्रत्येक घराला दोन प्रती ठेवा ताई, एक पोरीपाशी राहील आणि एक आईच्या सामानात कोपीवर जाईल.